दादा, तुझी तिसरी ओळ

दादा,

आपल्या घरात बसायला काही नव्हतं, इथून सुरुवात करते. गरिबी सगळेच सांगतात. कोणी भाकरीची सांगतो, कोणी लुगड्याची. तू मला आपली गरिबी सांगितलीस ती बसण्याउठण्याची.

पारशिवनीकडच्या आपल्या गावात बाबा लोकांच्या लग्नात डफडं वाजवायचे. मांडवाच्या बाहेर, लोक चपला काढतात त्याच्याही पलीकडे उभं राहून. वरात आली की वाजवायचं, पंगत बसली की वाजवायचं, ती उठेपर्यंत वाजवत राहायचं, मग डोक्यावर ऊन असो नाहीतर काही असो. बसा असं कोणी म्हणायचं नाही, आणि न सांगता टेकलं तर एखादा म्हणायचाच, "काहून रे, तू का सोयरा लागून गेला?" मयत निघाली की तिच्यापुढेही बाबाच. संध्याकाळी आई पदरात पंगतीतलं उरलेलं घेऊन यायची. मी तेव्हा अंगावर पिणारी, मला काही आठवत नाही. तुला आठवायचं. तू सांगायचास की त्या भाताला चामड्याचा वास यायचा.

मग बाबा नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले. आल्या आल्या त्यांनी खुंटीवरचं डफडं काढलं आणि चुलीत घातलं. चामडं लवकर जळत नाही. आईनं नाकाला पदर लावला आणि त्याच जाळावर भाकरी भाजली. थोड्याच दिवसांत गाव सोडून आपण नागपुरात, इंदोऱ्यात आलो, बाबा गिरणीत लागले, आणि घरात एक नियम झाला जो कोणी कधी बोलून दाखवला नाही: या घरात चामडं वाजणार नाही.

आणि अशा घरात तू डफ घेऊन आलास!

तू तेव्हा नुकता गिरणीत लागला होतास. माझी शाळा चालू राहावी म्हणून तुझी सुटली होती, हे मी इथे एकदाच लिहिते, कारण तुला ते दोनदा ऐकवत नसे. कुणा दोस्ताबरोबर तू मौद्याकडच्या मंडईला गेलास. दिवाळी झाली की आपल्याकडे गावोगाव भरते ती मंडई, जत्राच म्हणायची, दिवसाढवळ्याची, पोंगे वाजवणाऱ्या पोरांची, उसाच्या मोळ्यांची. तिथे तू पहिल्यांदा खडी गंमत पाहिलीस. मधोमध शाहीर डफ घेऊन उभा, बाजूला ढोलकीवाला, मागे तुणतुणं घेऊन झील धरणारा, म्हणजे शाहिराची ओळ संपली की ती उचलून "जी र जी" करत वर नेणारा. कोणी बसत नाही. सगळा खेळ उभ्यानं, म्हणून ती खडी.

तू परत आलास तेव्हा बगलेत डफ होता. बाबा दारातच उभे राहिले.

"हे का होय?"

"डफ हाये, बाबा."

"डफ म्हन का डफडं म्हन, चामडं तेच. नाव बदलल्यानं वस्तू बदलते का?"

तू मान वर केली नाहीस, पण उत्तर दिलंस. "आपलं तं नाव बदललं, बाबा. मंग आपन बदललो का नाई?"

मी ओसरीवर पाढे पाठ करत होते. बाजूला होऊन बाबांनी तुला वाट दिली, पण हात डफाकडे करून दाखवला, की हे नाही. तू घरात आलास, डफ गेला वामनच्या घरी.

वामन म्हणजे पाचपावलीतला तुझा दोस्त, विणकराचा लेक. हातमागावर बसून बसून त्याचे पाय कायम ताल धरायचे, म्हणून तू त्याला ढोलकीवर बसवलंस. बसवलंस नाही, उभं केलंस. त्याच्या मागाच्या खोलीत आपली तालीम व्हायची. मी मॅट्रिक झाल्यावर तुम्हाला झीलकरी मिळत नव्हता. एक मिळाला तो तंबाखू खाऊन आवाज घालवून बसलेला. तू माझ्याकडे पाहिलंस.

"तुहा आवाज वर जाते ना वं?"

"जाते."

"मंग घे तुणतुणं."

एवढ्यावर माझी भरती झाली. वस्तीत काय बोलणं झालं ते तुला माहीत आहे. पोट्टी कॉलेजात जाते आणि गंमतीच्या पार्टीत तुणतुणं घेऊन उभी राहते! बाबांनी मात्र मला अडवलं नाही. तुणतुण्याच्या बुडालाही चामडंच असतं, दादा. बाबांनी ते कधी उलटून पाहिलं नाही, आणि मी घरात ते कधी आडवं ठेवलं नाही. त्यांना कळत नव्हतं असं मला कधीच वाटलं नाही.

तालमीआधी डफ शेकावा लागतो. चामडं ढिलं असलं की बोल भद्द निघतो, म्हणून जाळ करायचा, डफ त्यावर फिरवायचा, बोटानं टिचकी मारून पाहायचं, की बोलला का. तू हे सगळीकडे लावायचास. मी रागानं काही सांगायला आले की म्हणायचास, "आधी शेक, मंग बोल." वामनचा मालकाशी तंटा झाला तेव्हाही हेच. एकदा मागाच्या खोलीत जाळायला काही नव्हतं, तर तू माझ्या पिशवीतले अर्थशास्त्राचे कागद काढून पेटवलेस. मी किंचाळले. तू टिचकी मारून पाहिलीस आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणालास, "भल्ला बोलून राहिला आज. बी.ए.चं शिक्षण वाया नाई जात." वामन हसून हसून मागाखाली गेला. पेपरात नेमका त्याच धड्यावर प्रश्न आला, आणि मी लिहिलंही. राग मात्र मी बरेच दिवस जपला होता.

मी बी.ए. झाले. आपल्या घरात पहिली, गल्लीत पहिली मुलगी. बाबांनी गिरणीच्या फाटकापासून घरापर्यंत भेटेल त्याला सांगितलं. मी त्याचा अभिमान का लपवू? मला आहे. शाळेत नोकरी लागली तेव्हा पहिल्या पगारात मी सीताबर्डीवरून बाबांसाठी खुर्ची आणली, वेताची, हातांची. रिक्षावाल्यानं ती उलटी बांधून आणली. आपण दोघांनी ती ओसरीवर ठेवली आणि बाबांना म्हटलं, बसा. बाबांनी तिच्यावर हात फिरवला, छान आहे म्हणाले, आणि तिच्या शेजारी जमिनीवर बसले. त्यानंतर खुर्चीवर त्यांची टोपी बसायची. तू मला डोळ्यांनी खुणावलंस, राहू दे. नंतर तालमीला जाताना तू चालता चालता म्हणालास, "त्याइले कोनी बस म्हनलंच नाई ना वं जिंदगीत. आता शरीरालेच माहीत नाई."

तू ठरवलंस ते तेव्हाच, असा माझा अंदाज आहे. की बाबांना एकदा गंमतीला आणायचं, आणि तीही आपल्या गावच्या मंडईत. ज्या चौकात ते चपलांपलीकडे उभे राहिले तिथे ते बसलेले असतील, आणि तू उभा असशील. तू हे मला सांगितलंस, वामनला सांगितलंस, बाबांनाही दरवर्षी सांगितलंस.

"यंदा मंडईले येता का, बाबा?"

"पाहू."

"गावात आता कोनी काही म्हनत नाई."

"म्हनत नाई तं चांगलं हाये." आणि टोपी उचलून बाबा बाहेर जायचे.

गावच्या मंडईला आपण पहिल्यांदा गेलो तो दिवस मला लख्ख आठवतो. बस ज्या फाट्यावर सोडते तिथून चालत गेलो. तुझ्या गळ्यात डफ, वामनच्या कमरेला ढोलकी, माझ्या खांद्यावर तुणतुणं. एक म्हातारी दारात धान पाखडत होती, तिनं सूप खाली ठेवलं आणि विचारलं, "कोनाचे वं तुमी?" तू बाबांचं नाव सांगितलंस. तिनं डफाकडे बोट केलं. म्हणाली, "तो तं डफडं वाजवे." तू म्हणालास, "हो आजी. मी डफ वाजवतो."

चौकात मंडईचे कारभारी एक जुने पाटील होते. वाईट माणूस नव्हता. पण गंमत गणानं सुरू होते, गणपतीला नमन केल्याशिवाय पुढचं काही म्हणत नाहीत, हे त्यांच्या आज्यापासून चालत आलेलं. तू त्यांना सांगितलंस की आम्ही गण म्हणत नाही.

पाटील चमकले. "गनाशिवाय गंमत उभी राहत नाई, बापू."

"आमची राहते, पाटील. पाहा तं."

"आन मंग सुरू कशानं करता?"

तू डफ वर धरलास आणि नुसता वाजवायला लागलास. शब्द नाहीत. मला वाटलं थोडा वेळ वाजवशील. तू वाजवतच राहिलास. मांडवाबाहेर बाबा जे वाजवायचे ना, पंगत बसल्यापासून उठेपर्यंतचं, ते तुझ्या हाताला कसं आलं मला माहीत नाही, तू ते फक्त लहानपणी ऐकलं होतंस. पोंगे थांबले. पाळण्यावरची पोरं उतरून आली. मग तू एकदम थांबलास, आणि त्या शांततेत म्हणालास:

"दाराच्या बाहेर उभा, बाप माहा वाजवे,
चौकाच्या मधात उभा, लेक त्याचा गाजवे, जी र जी..."

मी झील उचलली. माझा आवाज वर गेला. पाटील मांडीवर हात आपटत होते, तालावर आहे की रागानं आहे ते आधी कळेना. तालावर होतं.

त्या दिवसापासून हाच आपला गण. पण या चालीत कडवं पुरं व्हायला तिसरी ओळ लागते, आणि तू ती कधी म्हटली नाहीस. दोन ओळी म्हणून पुढच्या कथनाला लागायचास. याच्यावर आपण किती भांडलो! मी म्हणायचे, हे अर्धवट आहे, लोकांना कानाला टोचतं. काटोलच्या मंडईत एका शाहिरानं भर चौकात विचारलं होतं, "तुमच्या पार्टीची तिसरी ओळ हरपली का गा?" मी घरी येईपर्यंत धुसफुसत होते.

"मले सांग, काय आहे तिसरी ओळ?"

"मलेच माहीत नाई तं तुले काय सांगू?"

"मग मी करून देते. मी शिकलेली आहे, यमक मला जमतं."

"वाजवे, गाजवे, आन तुहं काय, माजवे?" तू हसलास. मग हसणं थांबवून म्हणालास, "बाबा समोर बसले का येते ते. जागेवरच येते. बनवून आनलेली नाई चालत."

"आणि बाबा नाही आले तर?"

"तं दोनच ओळी."

हे भांडण आपलं मिटलं नाही. दुसरंही एक मिटलं नाही. तुला वाटायचं मी मागे झील धरत राहू नये, डफ घेऊन पुढे यावं. "तुह्याजवळ शब्द हाये, आवाज हाये. माह्या मांगं काहून लपून राहिली?" मी म्हणायचे, बाईनं शाहीर म्हणून उभं राहिलेलं अजून लोकांना चालत नाही. तू म्हणायचास, "लोकाइले काय चालते ते पाहून बाबांनं डफडं जाळलं असतं का?" माझं म्हणणं वेगळंच होतं, दादा, ते मी बोलले नाही. मला मागे उभं राहायला आवडत होतं. तुझी ओळ संपत आली की तुझा खांदा किंचित उचलला जायचा, आणि मला कळायचं की आता माझं. पाठमोऱ्या माणसाशी असं बोलणं मला दुसऱ्या कोणाशी जमलेलं नाही. नवऱ्याशीही नाही, आणि माझा नवरा चांगला आहे.

यंदा श्रावणात तू आजारी पडलास, तुला दवाखान्यात नेलं. खाटेच्या लोखंडी दांडीवर तुझी बोटं चालायची. शेजारचा पेशंट तक्रार करायचा, मग तक्रार सोडून ऐकायला लागला. बाबा स्टुलापाशी उभे असायचे. नर्स म्हणायची, बाबाजी, बसा ना. ते म्हणायचे, ठीक आहे. शेवटच्या आठवड्यात तू त्यांना परत विचारलंस. आवाज खोल गेला होता.

"यंदा मंडईले येता का?"

बाबा म्हणाले, "आधी बरा तं हो."

हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. तू डोळे मिटून घेतलेस. तुला राग आला होता की हसू, हे मी तुझ्या चेहऱ्यावरून वाचायला गेले आणि मला वाचता आलं नाही. एवढी शिकले, दादा, आणि ते एक वाचता आलं नाही.

तू गेलास त्या सकाळी वामन आला तो डफ घेऊन. एवढ्या वर्षांत डफ आपल्या दारात आला तो तुझ्यासाठी. गल्ली भरली होती. वामन दाराबाहेर उभा राहिला आणि बाबांकडे पाहू लागला. शाहिराला वाजवत न्यावं असं पार्टीच्या सगळ्यांच्या मनात होतं.

बाबांनी मान हलवली. "मयतीत नाई, वामन. म्या लय मयती वाजवल्या." मग त्यांनी हात पुढे केले आणि डफ घेतला. उलटसुलट करून पाहिला, कडेवरून अंगठा फिरवला, चामड्यावर टिचकी मारली. भद्द बोलला. पावसाळ्याचे दिवस होते. "ढिला हाये," बाबा म्हणाले. मग तो माझ्या हातात दिला. "मंडईत वाजवजो."

वामनला नाही दिला, दादा. मला दिला.

तुझ्या पुण्यानुमोदनाच्या सभेला लोक चांगलं चांगलं बोलले. मला काही बोलता आलं नाही. शाळेत मी पन्नास पोरांना गप्प करते, तिथे मीच गप्प. तेव्हाच ठरवलं की जे बोलायचं ते लिहून बोलायचं. हे ते आहे. पण लिहायलाही मंडई होईपर्यंत थांबले, कारण त्याआधी तुला सांगण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

मंडईच्या दिवशी बाबा सकाळीच धोतर नेसून, टोपी घालून ओसरीवर उभे होते. बसमध्ये त्यांना खिडकीची जागा मिळाली. पारशिवनीच्या पुढे कापणी झालेलं धान लागलं तसे ते एकेक बांध ओळखू लागले, हा अमक्याचा, तो तमक्याचा. मग गाव जवळ आलं आणि त्यांनी टोपी नीट केली.

चौकात जुने पाटील आता काठी घेऊन बसतात. त्यांनी बाबांना ओळखलं. नातवाला हाक मारली, "जा रे, खुर्ची आन." लोखंडी खुर्ची आली, अगदी पुढे ठेवली. बाबा तिच्यामागे जाऊन उभे राहिले, पाठीवर हात ठेवून. दोघातिघांनी सांगून पाहिलं, बसा ना बाबाजी. "ठीक हाये, ठीक हाये."

वामननं जाळ करून डफ शेकला होता. मी टिचकी मारून पाहिली. बोलला. तुणतुणं वामनच्या लेकीकडे दिलं होतं, ती शेजारी उभी. लोक जमले. पोंगे वाजत होते. ध्वनिक्षेपकाच्या भोंग्यातून नुसती खरखर येत होती. पाटील म्हणाले, "होऊ दे वं, सुरू कर."

मी डफ वर धरला आणि मला वाजवता येईना. समोर खुर्ची रिकामी आणि तिच्यामागे बाबा उभे. तेच उभं राहणं, जे तू मला सांगितलं होतंस. हात खाली केला. माइकसमोर गेले आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल असं म्हणाले,

"बाबा, बसा. तुमी बसल्याशिवाय आमची गंमत उभी राहत नाई."

पाटील माझ्याकडे पाहत राहिले, त्यांना त्यांचंच वाक्य ओळखू आलं असणार. त्यांनी काठी टेकली आणि स्वतः उभे राहिले. "बस गा," म्हणाले, "पोरगी ताटकळून राहिली."

बाबांनी टोपी काढली. ती खुर्चीवर ठेवतील असं मला वाटलं. त्यांनी ती हातात धरली, आणि बसले.

मी वाजवलं. पंगत बसल्यापासून उठेपर्यंतचं, जेवढं तुझ्याकडून माझ्या कानात राहिलं तेवढं. एका जागी चुकले. बाबांनी गुडघ्यावर बोटानं ती जागा दुरुस्त केली, मी पाहून घेतली आणि परत त्या जागी आले तेव्हा बरोबर आलं. मग तुझ्या दोन ओळी म्हटल्या. दुसऱ्या ओळीत उभाचं उभी केलं, त्याचाचं त्याची; लेक तसंच ठेवलं, दादा, तो शब्द आपल्या दोघांनाही चालतो. वामनच्या लेकीनं झील धरली. तिसऱ्या ओळीची जागा आली. मी थांबले. जागेवरच येते म्हणाला होतास. मी बाबांकडे पाहिलं.

ती म्हणायची गरज पडली नाही. ती समोर बसली होती.

यंदा आपल्या गावच्या मंडईत आपली पार्टी उभी राहिली. डफ मी वाजवला. बाबा गंमत संपेपर्यंत खुर्चीवर बसून होते.